सोयरा असाल तर खरं सांगतो

झिग्मासमामानं मला भर दुपारी, अख्ख्या गावासमोर, बोट दाखवून लष्कराच्या हवाली केलं.

तसं काही झालेलं नाही.

म्हणजे झालं, पण झालं नाही असं ठरलं. यात नवल काहीच नाही. आमचा देशच मुळी तसा आहे. नव्वद सालच्या मार्चमध्ये राजधानीत, विल्नियसला, सभागृहात हात वर झाले आणि लिथुआनिया स्वतंत्र झाला. लगेच मॉस्कोनं कळवलं, की तसं काही झालेलं नाही. तेव्हापासून आम्ही स्वतंत्र झालेले आणि न झालेले असे दोन्ही एकाच वेळी राहतो. भिंतीवर नवा झेंडा, टपालावर जुनी तिकिटं. आणि जे स्वातंत्र्य झालेलंच नाही, त्याची शिक्षा म्हणून त्यांनी आमचं पेट्रोल बंद केलं. न घडलेल्या गोष्टीची शिक्षा देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

मी तेव्हा त्यांच्याच, सोव्हिएत सैन्यात होतो, व्होल्गाकाठच्या एका छावणीत. देश स्वतंत्र झाल्याचं कळल्यावर मी सार्जंटला विचारलं, की आता मी परदेशी नागरिक, तर तुमच्या सैन्यात माझं काय काम? त्यानं माझा एक दात पाडून उत्तर दिलं. पुढचा प्रश्न मी विचारला नाही, सरळ निघालो. त्यांच्या भाषेत याला पळपुटेपणा म्हणतात. सापडलेल्या पोरांना ते परत नेत होते, आणि परत नेलेल्यांपैकी काहींच्या घरी नंतर सीलबंद पेट्या आल्या. उघडू नका, असं वर लिहिलेल्या.

आईच्या घरी आधी शोध होणार हे उघड होतं. म्हणून मी मेश्किनेला आलो, मामाकडे. पाइनच्या जंगलाला लागून मामाची बाग आहे, बागेत मधाच्या पेट्या. मी माळ्यावर लपायला निघालो तर स्टेफानियामामी म्हणाली, "माळ्यावर तर आधी बघतील. तू उघड्यावर राहा." आणि तिनं मला आपला घागरा दिला, डोक्यावर मधपाळाची जाळी चढवली. त्या दिवसापासून मी मामीची बहीण झालो. नाव व्हालेरिया. घशात माशी चावल्यानं वाचा गेलेली. मी जेवायचोही जाळी जराशी वर करून. मिशी काढून टाक, असं मामी रोज म्हणायची. पण सैन्यातनं आणलेली तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती.

मेमध्ये कॅप्टन लुझगिन एक चिलखती गाडी आणि चार शिपाई घेऊन आला, आणि आमच्या बागेसमोरचं दूधकेंद्र त्यानं जिंकलं. तिथं लढायला कुणीच नव्हतं, तरी जिंकलंच म्हणायचं, कारण त्यानं तसा अहवाल पाठवला. पेट्रोल नसल्यामुळे दूध न्यायला टँकर येत नव्हता. म्हणजे जगातल्या एका मोठ्या सैन्याची एक तुकडी नासलेल्या दुधावर पहारा देत बसली. वारा बागेकडे फिरला की मामी खिडक्या लावून घ्यायची.

मग एकदा तो आमच्या अंगणात आला. बुटानं बादली बाजूला सारत म्हणाला, "भाचा कुठंय?"

"कुठला?" मामानं विचारलं. हे सगळं रशियनमध्ये. मामाचं रशियन शाळेतलं, त्यामुळे शिव्या कमी.

"किती भाचे आहेत तुला?"

"तुमच्या कागदावर किती आहेत?"

"एक."

"मग तोच हरवला असणार."

कॅप्टननं माझ्याकडे बोट केलं. "ही कोण?"

"मेहुणी."

"तोंड दाखव म्हणावं."

"नको साहेब. हिचं तोंड बघून आमचा टँकरवाला गाव सोडून गेला. तुमच्या दुधाला आधीच कुणी वाली नाही."

मामा खोटं बोलायला लागला की ऐकत राहावं. दुधाच्या सायीसारखं जाड, एकसंध खोटं. कॅप्टन हसला नाही. जाताना त्यानं आमचं फाटक बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. सैन्याला जळण लागतं, म्हणाला. मेच्या उन्हात. तेव्हापासून मामा रोज सकाळी उठून फाटक होतं त्या जागी जायचा आणि रस्त्यापलीकडे बघून थुंकायचा. मग चहा.

"हा माणूस मेला ना," तो म्हणायचा, "तर मी त्याच्या मयताला जाणार नाही."

"तुला बोलावलंय कुणी?" मामी म्हणायची.

"बोलावलं तरी."

आता माश्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांनी केलं.

आमच्याकडे मधमाश्या विकत नाहीत. त्या जातात. एका घरचा थवा उडून दुसऱ्याच्या जागेत बसला की ती दोन घरं मधसोयरी होतात. माश्यांचा मालक काळा पाव आणि मध घेऊन जातो, दुसरा तो खातो, "सोयरा झालो" म्हणतो, आणि विषय संपतो. रक्ताच्या नात्यात भांडता येतं, या नात्यात येत नाही. सोयऱ्यावर हात उचलायचा नाही, त्याच्या घरचं काही न्यायचं नाही, आणि त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. बोललं तर माश्या मरतात. आणि माशी मेली तर आमच्यात तिला खड्डा खणून पुरतात, माणसासारखं.

मामा हे कसं पाळायचा? गिरणीवाला रापोलास त्याचा मधसोयरा. तो मरणाला टेकला तेव्हा त्यानं मामाचा हात धरून विचारलं, "झिग्मास, मी वाचेन का रे?" मामा म्हणाला, "नाही. उद्या सकाळपर्यंत जाशील." रापोलास त्याच संध्याकाळी गेला. आपण सोयऱ्याला चुकीचं सांगितलं, याचं मामाला अजून वाईट वाटतं.

जूनमध्ये एके दुपारी जेवणं झाली आणि लिंडनच्या झाडाखालच्या पेटीतून थवा उठला. आम्ही टोपली घेऊन मागं धावलो. थवा पेअरच्या झाडांवरनं गेला, नसलेल्या फाटकावरनं गेला, रस्ता ओलांडला आणि चिलखती गाडीच्या मशीनगनवर बसला. बघता बघता नळीला पाद्रीबुवासारखी दाढी आली. चारही शिपाई दूधकेंद्रात शिरले आणि आतनं कडी लावली.

खिडकीतनं कॅप्टन ओरडला, "म्हाताऱ्या! त्या माश्या काढ, नाहीतर पेट्रोल ओतून पेटवतो!"

एव्हाना गाव जमलं होतं. "यांच्याकडे पेट्रोल आहे?" कुणीतरी फार आशेनं विचारलं.

मामा फाटकाच्या जागी थांबला. पाऊल पुढं टाकेना. तेवढ्यात दोमित्सेलेआजी काठी टेकत पुढं आली. गावात कुणाच्या माश्या कुणाच्या, हा निवाडा तीच करते. कोर्टापेक्षा जुनी आहे आणि तितकीच बहिरी.

"बसल्या," ती म्हणाली. "जा, पाव आण."

"त्या कुत्र्याला पाव? जळू देत त्यापेक्षा."

"काय जळू देत? नीट बोल."

मामा नीट बोलला नाही. मामीनं मात्र पाव कापायला घेतला होता.

कॅप्टन बाहेर आला तो गॅसचा मुखवटा घालून. म्हणजे तोंड झाकलेले आम्ही दोघं झालो. मामानं पाव असा पुढं केला, की जणू बिळाशी उंदराला विष ठेवतोय.

"हे काय?" मुखवट्यातनं आवाज आला.

आजीनं सगळं समजावलं: पाव खायचा, सोयरा झालो म्हणायचं, मग थवा उतरवतात. कॅप्टननं मुखवटा काढला. त्याचा चेहरा घामानं निथळत होता आणि तो पहिल्यांदाच हसत होता.

"तुमचा देश सोडून आणखी काय काय मान्य करायचंय मी?"

"एवढंच," आजी म्हणाली.

त्यानं पावाचा मोठा घास घेतला. "झालो सोयरा. आता काढा तुमची घाण."

मामानं डोळे मिटले. दात काढताना माणूस मिटतो तसे.

मामाचा गुडघा गेलेला, मामीला माशी चावली की अंग सुजतं. गाडीवर चढायची मेहुणीच. मी टोपली काखेत मारली, डावा पाय चाकावर, उजवा हात कडीवर, आणि एका झोक्यात वर. सार्जंटनं हे आमच्याकडनं इतक्या वेळा करून घेतलं होतं, की पाय डोक्याला विचारत नाहीत. वर पोचल्यावर मला कळलं की मी काय केलं. घागरा नेसलेली, वाचा गेलेली बाई अशी चढत नाही.

मी थवा टोपलीत झटकला. राणी आत पडली तशा बाकीच्या ओघळल्या. खाली कॅप्टनचं चावणं थांबलं होतं.

"सोयरे," तो मामाला म्हणाला, अगदी गोड आवाजात, "तुझी मेहुणी हे चढायला कुठं शिकली?"

"गोठ्याच्या छपरावर!" मामी ओरडली.

"तू गप," मामा म्हणाला.

"नाही, तुलाच विचारतोय. सोयरा म्हणून विचारतोय. कोण आहे हा?"

मी वरनं मामाकडे बघत होतो. पूर्ण वसंत ऋतू माझ्यासाठी खोटं बोलण्यात घालवलेला माणूस. टँकरवाल्याचं खोटं, घशातल्या माशीचं खोटं, आणि एकदा तर मी बारशाला जाताना नदीत बुडालो होतो असंही. आणखी एकच हवं होतं, साधंसं.

"हा काय," मामानं बोट दाखवलं, "माझा भाचा. तौत्विदास."

गाव एकदम खाली बघायला लागलं.

"सैन्यातनं पळालेला?"

"पळाला नाही. चालत आला. थोडा रस्ता बटाट्याच्या ट्रकमधनं."

"उतर खाली," कॅप्टन मला म्हणाला. खिडकीला शिपायांची तोंडं चिकटली होती.

मामा मात्र शांत होता. नुसता शांत नाही, निर्धास्त. "आता नेता येणार नाही त्याला," तो कॅप्टनला समजावून सांगू लागला. "सोयऱ्याच्या घरचं माणूस आहे. म्हणून तर सांगितलं."

"कसला सोयरा?" कॅप्टननं उरलेला पाव रस्त्यावर फेकला. "मी पाव खाल्ला. भूक लागली होती. मी तुम्हा लोकांचा कुणी नाही."

"कुणी नाहीस?"

"नाही."

"नीट विचार कर. सगळ्यांसमोर म्हणतोयस."

"सगळ्यांसमोर! मी तुझा सोयरा नाही, नव्हतो, होणार नाही. पाहिजे तर लिहून देतो!"

मामाचा चेहरा असा उजळला, की जणू उन्हात ठेवलेलं लोण्याचं भांडं. "मग ती मेहुणी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"व्हालेरिया. घशात माशी चावली होती. वाचा गेली बिचारीची."

"अरे, आत्ता तूच म्हणालास ना—"

"ते सोयऱ्याला सांगितलं. तू परका. परक्याला हे सांगतो."

"पण मी ऐकलं!"

"सोयऱ्यानं ऐकलं. तो गेला."

कॅप्टन गावाकडे वळला. "तुम्ही ऐकलंत! सगळ्यांनी ऐकलंत!"

"काय ऐकलं?" दोमित्सेलेआजी म्हणाली. "विल्नियसला काय झालं ते तुम्हीही ऐकलंत ना साहेब मार्चमध्ये? तरी झालं नाही म्हणता. आम्ही कधी त्यावरून तुमचा गळा धरला?"

तेव्हा त्यानं पिस्तूल काढलं. इथवर मला हसू येत होतं, आता येईना. माणसाला हरल्यासारखं वाटतं तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल नसावं. त्यानं ते आधी मामावर धरलं, मग माझ्यावर, मग मध्ये कुठंतरी.

"उतर. तीन म्हणायच्या आत."

माझ्याकडे फक्त टोपली होती. मी ती डोक्यावर पालथी केली.

घर सोडून निघालेल्या माश्या पोटभर मध पिऊन निघतात. सुस्त असतात, सहसा चावत नाहीत. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, कॅप्टनला माहीत नव्हतं. राणी माझ्या गळ्याशी जाळीत अडकली आणि सगळा थवा खांद्यांवर, छातीवर, घागऱ्यावर चिकटला. गुणगुणणारा जाड कोट. मी तसाच उतरलो आणि चालायला लागलो. पळता येत नव्हतं. पळालं की माश्या बिथरतात.

कॅप्टननं एक गोळी हवेत झाडली. त्यासरशी एक माशी त्याच्या मनगटावर बसली, त्यानं तिला चापट मारली, आणि ती चूक झाली. चिरडलेल्या माशीचा वास बाकीच्यांना बोलावतो. त्यानं घाईघाईनं मुखवटा चढवला. आत दोन माश्या होत्या.

रस्ता ओलांडला, बागेत शिरलो. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले होते. फाटक असतं तर मला उघडता आलं नसतं. त्या फाटकाबद्दल लष्कराचे एवढेच आभार.

पुढचं मी जंगलातनं ऐकलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज. मग फळ्या मोडल्याचा. मग परत. एकेक पेटी मोडत गाडी बागभर फिरली. कॅप्टन आतनं ओरडून दाखवत होता, कुठली राहिली. लिंडनखालची, पेअरखालची, आजोबांच्या वेळची पोकळ ओंडक्याची. पण चालकाची खिडकी बंद होत नव्हती, कारण ती गाडी तशीच खिळखिळी होती, आणि माश्या तिथनंच आत शिरल्या. शेवटची पेटी मोडल्यावर गाडी वळली नाही. सरळ तळ्यात गेली. अजून तिथंच आहे. नळीवर बदकं बसतात. शिपाई दूधकेंद्राकडे धावले आणि त्यांनी तोंडं नासलेल्या दुधात बुडवली. तेवढंच त्या दुधाचं सार्थक.

दुसऱ्या दिवशी मामा एक रिकामी पेटी पाठीवर बांधून माझ्याकडे आला. गुडघा ओढत. माझ्या अंगावरचा थवा मी एका फांदीवर उतरवून ठेवला होता. आम्ही तो पेटीत भरला. मामाची नखं काळी होती. सकाळपासून तो पेअरच्या झाडाखाली खड्डा खणत होता.

"तू मला दाखवून दिलंस," मी म्हणालो.

"त्यानं विचारलं."

"तो मला घेऊन गेला असता."

"सोयरा नेत नाही."

"तो सोयरा नव्हता!"

"ते नंतर कळलं."

"आणि तो हुशार निघाला असता तर? सोयरा आहेच म्हणाला असता, आणि तरी नेलं असतं, तर?"

मामानं पेटीचं झाकण लावलं. परत काढलं, परत लावलं. "मग मी त्याला मारला असता."

"सोयऱ्यावर हात उचलता येत नाही."

"नाही येत," मामा म्हणाला. "म्हणून तो विचार मी करत नाही. तूही करू नको."

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. तोही माझ्याशी बोलला नाही, पण रोज जेवण घेऊन यायचा आणि मी खाईपर्यंत पाठ करून बसायचा. तोवर कॅप्टनला बदली करून कुठंतरी नेलं होतं आणि त्याच्या जागी दुसरा आला होता. या दुसऱ्याला मोडायला बाग नाही, जाळायला फाटक नाही, चालवायला गाडी नाही, म्हणून तो फक्त कागद पाठवतो. प्रत्येक कागदात एकच प्रश्न: भाचा कुठंय?

प्रश्न तोच, पण मामाची पंचाईत नवी. दोमित्सेलेआजीनं निवाडा दिला, की खाल्लेला पाव तोंडानं परत येत नाही. लुझगिन काहीही म्हणो, सोयरीक झाली. सोयऱ्यानं शब्द मोडला म्हणूनच तर माश्या मेल्या, आणखी पुरावा काय पाहिजे? म्हणजे मामाला आता त्याचा धड द्वेषही करता येईना. सकाळी उठून फाटकाच्या जागी जायचा, तोंडात थुंकी गोळा करायचा आणि गिळून परत यायचा. त्यात आमच्याकडे पहिला मध काकडीला लावून खातात, आणि त्याला सोयऱ्याला बोलवावंच लागतं. एका पेटीचा का असेना, मध निघणार होता.

शेवटी तो जंगलात आला आणि माझ्यासमोर कागद ठेवला. रशियन मला बरं येतं. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. एकही शब्द माझा नाही.

*मा. प्रादेशिक सेनामुख्यालय यांस,*

*अर्जदार झिग्मास, राहणार मेश्किने, लिथुआनिया प्रजासत्ताक (आपल्या मते अस्तित्वात नाही), सविनय कळवतो, की आपले कॅप्टन लुझगिन हे आमचे मधसोयरे असून, त्यांनी ते सर्वांसमक्ष नाकारले आहे व त्यामुळे माझ्या माश्या वारल्या आहेत. तरी त्यांना पहिल्या मधासाठी, मधासोबत काकडी खाण्यासाठी, आमच्या बागेत बिनहत्यारी पाठवावे. त्यांनी पेअरच्या झाडाखाली टोपी काढून उभे राहावे. बसायला खुर्ची मिळेल.*

*माझ्या भाच्याबाबत आपली चौकशी वारंवार येते. आपण परके असल्याने मी आपणांस खोटी उत्तरे देत आलो आहे व यापुढेही देईन. मला त्याचा त्रास नाही. तथापि खरे उत्तर हवे असल्यास सोयरीक मान्य असल्याचे शिक्क्यानिशी कळवावे. सोयरे एकमेकांच्या घरात बोलावल्याशिवाय राहत नाहीत, सबब त्याआधी आपले सर्व सैन्य देशाबाहेर न्यावे. जाताना तळ्यातील गाडी काढावी. बदकांची हरकत नाही. तसेच माझे फाटक बिजागऱ्यांसह होते तसे बसवून द्यावे.*

*वरील सर्व बाबींची पूर्तता काकडीचा हंगाम संपण्यापूर्वी करावी आणि तोवर माझा भाचा येथे राहत नाही अशी नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.*